नाकाकडं गेलेला हात

नळी लावली म्हंजे आता काय ऱ्हायलं, असं माझी थोरली जाऊ दवाखान्याच्या खोलीच्या दारात कुणाला तरी सांगत हुती, आन् मी तितंच खाटंवर डोळं मिटून पडले हुते. डोळं मिटलेलं हुतं, कान न्हाय. नाकात रबरी नळी, उशाला ते ऑक्सिजनचं लोखंडी नळकांडं, बाटलीतलं पाणी आपलं गुडगुड करतंय. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं बोलती. मग ती म्हणाली, मंद्रूपला निरोप धाडा, हिच्या भावाला म्हणावं हिरवी साडी घिऊन ये. तवा समजलं. आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिला म्हायेरची साडी नेसवत्यात.

काय सांगू तुमाला ताई, मी मंद्रूपची. लगीन करून सोलापुरात आले ती कांड्या भरायलाच. घरधनी मागावर चादरी विणायचं, मी दारात बसून चाकावर सुताच्या कांड्या भरायची. सूत उडायचं, केसात, भाकरीत, छातीत. दमा त्यानं झाला का आईकडनं आला, देवाला ठावं. बाया म्हणायच्या दमा लागट असतोय, म्हणून जावंनं माझा कप येगळा केला, कान तुटलेला. गोळी खाल्ली की म्हणायच्या, सवय लागंल बघ, मग जल्मात सुटायची न्हाय. म्हणून मी गोळी मोडून अर्धीच खायची. अशानंच एक दिवस धाप थांबंना, आन् घरधन्यानं टांग्यात घालून दवाखान्यात आणलं.

आता आईचं सांगते, त्याबिगर पुढचं कळायचं न्हाय. मी तवा परकर नेसत हुते. आईलाबी दमा, लई. तिलाबी हितंच सोलापुरात आणलं, तिलाबी अशीच नळी लावली. मामा म्हणालं, नळी लावलेलं माणूस माघारी येत न्हाय, उगं परक्या खाटंवर जीव कशाला जायाचा, आपल्या उंबऱ्याच्या आत जाऊ द्या. डाक्टर नगं नगं म्हणत हुतं. बा खाली मान घालून बसला. नळी काढली, वळकीच्या ट्रकात गादी टाकून आईला घिऊन निघाले. वाटंत आई सारखी हात उचलायची, नाकाला लावायची आन् माझ्याकडं बघायची. हात उचलायची, नाकाला लावायची. चुलती म्हणाली, नथ मागती गं, सवाष्ण हाय, नथीबिगर कशी जाईल. घरी पोचल्या पोचल्या नथ घातली. तरी हात जायाचाच. चुलती म्हणाली, बघा, नथ चाचपती, जीव निवला तिचा. दिवेलागणीला गेली. गावात अजून सांगत्यात, काय भाग्याची बाई, नथ मागून घिऊन गेली. मीबी सांगायची की, मान वर करून सांगायची.

तर माझी नळी. काय सांगू, बुडत्याला कुणी केस धरून पाण्याच्या वर काढावं तसं झालं मला. नर्सबाई जावंला म्हणाल्या, अहो ही मरणाची नळी न्हवं, छाती मोकळी झाली की आमीच काढू. जावंनं मान हलवली, आन् त्या गेल्यावर म्हणाली, त्यांना असंच सांगाया लावत्यात.

दुपारी दादा आला. पिशवीतनं साडीचा हिरवा काठ भाईर आलेला, त्यो आत ढकलत हुता, मला दिसू ने म्हणून. घरधनी पायाशी बसलं हुतं. वाईट न्हवं माणूस. म्हणत हुतं, हिनं मला कवा एकटं टाकलं न्हाय, हिला हितं कशी मरू देऊ. जाऊ म्हणाली, मग टांगा बोलवा, उशीर करू नगा. आन् दादाचा हात नळीकडं आला. त्याला अडवाया मी हात उचलला, त्यो गेला नाकावर.

जाऊ म्हणाली, बघा की, नथ मागती.

आईवाणीच, असं दादा म्हणाला आन् रडाया लागला.

ताई, तवा मला ट्रकातली आई दिसली. तिचं डोळं दिसलं.

आता बरी हाय मी. ती हिरवी साडी मी नेसून नेसून इरवली, दादा हसतो, म्हणतो लई टिकाऊ घेतलती. गोळी आख्खी खाते. जाऊबाई अजून म्हणत्यात, तुझं आयुष्य हुतं म्हणून वाचलीस, नळीनं न्हवं. म्हणू द्या, त्यांनाबी देव लई आयुष्य देवो. एवढंच हाय, कांड्या भरताना नाकावर सूत बसतं, ते काढाया हात वर जातो, आन् तितंच थांबतो. कुणीतरी माझ्याकडं बघतंय असं वाटतं. मग चाक बंद करून बसते जरा.

पर त्या दिवशी छातीत हुता नव्हता तेवढा दम गोळा केला. जावंकडं बघितलं न्हाय, दादाकडंबी न्हाय, घरधन्याकडं बघितलं, आन् म्हणाले:

नथ नगं मला. नळी ऱ्हाऊ द्या.