पुडीतली गुळवेल

सकाळी दहा वाजता, लोधीपुऱ्यातला दवाखाना. आमच्या रमेश मास्तरांच्या बायकोचे, म्हणजे वहिनींचे, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, म्हणून मीही सोबत गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं औषध चालू आहे?"

"काहीच नाही," मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, "आणि तो गुळवेलीचा काढा?"

"अरे, ते काय औषध आहे का? चौकातल्या दुकानातून पुडी आणतो, उकळून देतो. दिवाळीपासून रोज. कावीळ दिसली तेव्हापासून दुप्पट."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, काही जणांचं लिव्हर त्यानंच बिघडतं! शिवाय गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही असतात. पुडीत नेमकी कोणती होती?"

मी तडक चौकातलं दुकान गाठलं आणि पुडीत कोणती वेल आहे ते विचारलं. मालक हसला. "भाऊ, जडीबुटी आहे, नुकसान नाही करत."

"विषारी धोत्राही जडीबुटीच आहे. टाकू तुमच्या चहात?"

त्याचं हसू गेलं, आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाची पुडी बांधायला लागला.

वहिनींना त्याच दिवशी दवाखान्यात भरती केलं, त्या अजून तिथंच आहेत. त्याच पुड्या आजही विकल्या जातात, आणि त्यांत कोणती वेल कुटली आहे हे मला अजून कोणीही सांगितलेलं नाही.