खरी गाठ

क्रूझच्या बंदराच्या फाटकापाशी नुकत्याच वारलेल्या वडिलांची जाळं विणायची सुई कार्यालयातून परत घेऊन ती उभी होती. बाबा शेवटच्या दिवसांत इथे पर्यटकांपुढे शोभेला बसले, हे तिला सलत होतं. पुढे जहाजावर परतणाऱ्या नणंद-भावजया बोलत होत्या.

“वहिनी, गेल्या खेपेला इथे जाळं विणणारे आजोबा होते.”

“अगं, हे बंदरावरचं कोळ्यांचं गावच जहाजवाल्यांनी पर्यटकांसाठी उभारलेलं. आजोबाही पगारी!”

“मी तसं तोंडावर म्हटलं त्यांना.”

“धन्य आहेस! मग?”

“हसले. म्हणाले, ‘पगार बसण्याचा मिळतो, पोरी. गाठ खरीच बसते, हाताला खोटी येत नाही.’”

“आणि त्या जाळ्याचं काय?”

“पलीकडच्या खऱ्या गावात मासेमारीला द्यायचे.” नणंद मागे वळली, तिला इथलीच कामगार समजून म्हणाली, “ताई, ते आजोबा आज सुटीवर आहेत का?”

मुठीतली सुई तिने घट्ट धरली.

“हो,” ती म्हणाली.