कुंपणाखालची दीड हात जमीन

मला वाटलं होतं, सहा वर्षं बडोद्याला शिकून आपण रत्नागिरीला परत येऊ, मुलींच्या शाळेत बागकामाचा तास मागू, तर समिती निदान विहिरीजवळचा तुकडा देईल... आणि मिळालं काय, तर मेंदीच्या कुंपणाखालची दीड हात रुंद पट्टी, जिथं ऊन पडत नाही, पाणी टाकलं की मेंदीच पिऊन टाकते, आणि वीतभर उकरलं की जांभा दगड. विहिरीजवळ म्हणे अध्यक्षांची केळी आहेत. शाळेच्या विहिरीवर अध्यक्षांची केळी!

आणि तुम्हाला सांगते, हे अध्यक्ष भिकाजीपंत मला काय म्हणाले असतील? डोळे अर्धे मिटून, उपरणं सारखं करत, "चैत्रात समिती येईल. तिथं काही जिवंत दिसलं तर तास राहील. नाहीतर मुली शिवण शिकतील."

मी पट्टी मोजतेय, तर मागे शाळेचा शिपाई गंगाराम उभा. "तितं काय येनार नाय, बाई."

येणार नाही कसं? माझ्याकडे पुस्तक होतं. त्यात कोरड्या सावलीतल्या झाडांवर अख्खं प्रकरण होतं... तरी मी चौकशी केली, कारण लोकांत मिसळून काम करायचं असं ठरवूनच आले होते ना. मुख्याध्यापिका आनंदीबाई म्हणाल्या, तुळस लावा. म्हटलं, तुळशीला ऊन लागतं. मग झेंडू लावा. त्यालाही ऊन लागतं. मग अबोली? तिला पाणी लागतं. तर म्हणाल्या, तुमच्या झाडांचे नखरे फार आहेत हो. माझ्या झाडांचे!

शेवटी पुस्तकाप्रमाणे मुंबईहून आगबोटीनं बारा नेचे, इंग्रजीत फर्न म्हणतात ते, मागवले. बंदरावर पेटीत तीन दिवस उकडून त्यातले सात उरले. विहिरीचा रहाट अध्यक्षांच्या केळींच्या सेवेत, म्हणून मुली घरून तांब्या-तांब्या पाणी आणायच्या, पोरींचे परकर भिजायचे, नेचे कोरडेच. तरी जगले. गंगाराम रोज येता-जाता, "तितं काय येनार नाय, बाई."

मग पुस्तक म्हणालं, ओल टिकायला मुळांवर पाचोळ्याचा थर द्या. दिला, चांगला वीतभर. नेचे दिसेनासे झाले, पण खाली जिवंत होते हो... मी रोज पाला सारून बघत होते.

काल संध्याकाळी, म्हणजे समिती येण्याच्या आदल्या दिवशी, मी फाटकातून आत शिरते तो धूर. आणि धुरात गंगाराम, कमरेला कोयती, चेहऱ्यावर समाधान.

"बाई, तुमी पाला पसरलात, पन पेटवायला इसरलात. मी भाजून दिलंय."

शिमगा झाला की इकडे जमिनीवर पाला कशासाठी पसरतात, तर भाताच्या रोपांची जागा भाजायला. दुसरं कारण असू शकतं हे त्याच्या सात पिढ्यांनी ऐकलेलं नाही. नेच्यांची राख, मेंदी खालून होरपळून तिला भोकं पडलेली, आणि त्यांतून पट्टीत पहिल्यांदाच मावळतीचं ऊन आलेलं...

मी तिथंच दगडावर बसले. विचारलं, "आता इथं काय यायचं, गंगाराम?"

"सुरन," तो म्हणाला. "त्याला पानी नको, ऊन नको, कोनी बघायला नको. पावसात आपसूक वर येतो. घशात खाजतो तेवढा, म्हनून भाजीत आमसूल टाकायचं."

"मग महिनाभर काही येणार नाही, काही येणार नाही, काय चाललं होतं?"

"ते तुमच्या झाडांचं. माजं तुमी इचारलंत कुठं?"

खरंच विचारलं नव्हतं. पुस्तकाला विचारलं, आनंदीबाईंना विचारलं... आणि लोकांत मिसळायचं ठरवून आले होते मी.

आज उजाडताच त्यानं घरून कोंब धरलेले सात गड्डे आणले, ते डोळा वर करून राखेत पुरलेत. समिती दहाला येईल. भिकाजीपंत विचारतील, जिवंत कुठं आहे, तर त्यांनाच वाकायला लावणार आहे, बोटानं राख सारून कोंब बघायला. त्यांना पटेल, न पटेल. तास राहील, न राहील. मी सकाळी एवढंच ठरवलंय, दिवाळीत पहिला गड्डा निघाला की त्याची भाजी मी स्वतः करून अध्यक्षांकडे पाठवणार. आमसूल न टाकता.