चाळीस पावलं

—नको नको, त्या खुर्चीवर नका बसू साहेब, तिचा पाय गेलाय, इकडे बाकावर या. तर काय सांगत होते — मला वाटलं होतं, बस वळणावर आली की आधी झाडांची रांग दिसेल, मग वाळू, वाळूत उपड्या घातलेल्या होड्या, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, लांब, पाणी. सात वर्षं बाहेर शिकताना आणि पुढची तीन तिकडेच नोकरीत, डोळे मिटले की हेच दिसायचं. आणि आल्यावर बघते तर काय? झाडं नाहीत, वाळू नाही. मागच्या दाराशी पाणी, आणि आई पायरीवर भांडी घासत लाटेला म्हणतेय, ‘थांब गं बाई, एवढं पातेलं होऊ दे.’ हसा, हसा, मीही हसले. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले — नळालासुद्धा खारं पाणी येतं आता.

कागद ठेवा तिथे. वाचायचं काय त्यात, माझ्या प्रबंधावरून केलेला माझाच तर अहवाल! ‘गेल्या तीस वर्षांत किनारा जागचा हललेला नाही, नदीच्या मुखातली वाळू काढायला हरकत नाही.’ खाली माझं नाव, नावापुढे कोरी करकरीत पदवी. त्या जोरावर तुमची यंत्रं तीन वर्षं वाळू उपसतायत, आणि पुढच्या तीन वर्षांसाठी परत माझी सही हवी. बरोबर ना? पण आकडे कुणाचे होते, माहितीय? बाबांचे. बाबा बंदरखात्यात. दर महिन्याला किनाऱ्यावर रोवलेल्या खुंटापासून पाण्यापर्यंत पावलं मोजायची, वहीत लिहायची, एवढंच काम. लोक त्यांना पावलंवालेच म्हणतात. अंगात ताप असला तरी महिना चुकवला नाही कधी. आणि वहीत काय? चाळीस, एकोणचाळीस, एक्केचाळीस, चाळीस. तिकडे माझे सर म्हणाले, इतकी सलग नोंद बघायलाही मिळत नाही. मी अशी फुलले म्हणून सांगू!

तर आले त्या संध्याकाळी विचारलं — बाबा, पाणी दाराशी आणि वहीत चाळीस कसे? तर शांतपणे म्हणतात, ‘चाळीसच असणार ना! खुंट रोवायचाच चाळीस पावलांवर.’ त्यांच्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं — जवळ रोवला तर वाहून जातो. म्हणून पाणी पुढे आलं की बाबा खुंट उपटायचे, चाळीस पावलं मागे रोवायचे, मग मोजायचे, मग लिहायचे. खोटं एक अक्षर नाही हो! आणि पूर्वी ते खपूनही जायचं — वादळी महिन्यांत समुद्र वाळू ओढून न्यायचा, शांत महिन्यांत परत आणून टाकायचा, वरून नदी भर घालायची, खुंट मागे जायचा तसा पुढेही यायचा. आता वर धरण आणि मुखाशी तुम्ही. समुद्र नेतो तेवढं नेतोच, परत आणायला वाळू आहे कुठे? आज खुंट कुठे आहे, सांगू? रस्त्यापलीकडे, पोस्टाच्या भिंतीला लागून. बाबा तिथून मोजत येतात — पुढच्या दारातून आत, बैठक, स्वयंपाकघर, मागचं दार. चाळीस!

मी ओरडलेच — मला सांगितलं का नाही? तर म्हणाले, ‘विचारलंस कुठे? आणि तू होतीस की बरोबर.’

होते. होते साहेब. खुंटाचं दुसरं टोक माझ्याच खांद्यावर असायचं, शाळेतून आल्यावर. आणि तिकडे आलेख काढताना मला ते एकदा आठवलंही होतं — चांगलं लख्ख आठवलं. पण रेघ इतकी सरळ आली होती, आणि प्रबंध द्यायला नऊ दिवस उरलेले. मी पान उलटलं. हे अजून आईलाही बोलले नाहीये, तुम्हाला कशाला सांगतेय कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वही काखेत मारून निघाले मोजायला, आणि मी या समोरच्या भिंतीकडे बघत बसले. ते बघा, चौकटीतलं बाबांचं प्रशस्तिपत्र — ‘अचूक नोंदींबद्दल’. खरं बोलले तर ते उतरणार. पावलंवाल्यांना पोटच्या पोरीनं तोंडघशी पाडलं, असं म्हणणार लोक. आणि हाती काय लागणार? काही नाही. तुमची यंत्रं आज थांबली तरी एवढी वाळू परत यायला माझा जन्म पुरायचा नाही. घर जाणार, रस्ता जाणार, पोस्टही जाणार. हे कळायला तर एवढी शिकले! तरी ठरवलं. बाबा परत यायच्या आत लिहून काढलं — अहवाल चूक आहे, चूक कशी झाली, आणि ती कुणाला ठाऊक होती. दोन्ही नावं घातली, त्यांचं आणि माझं. पत्र परवाच गेलंय, विद्यापीठाला आणि तुमच्या वरच्यांनाही. तेव्हा आता सही कसली मागताय?

काय? बाबा? वाचून दाखवलं ना त्यांना. तेव्हापासून बोललेले नाहीत माझ्याशी. वहीही उघडलेली नाही.

उठा साहेब. घ्या तो कागद. भरती लागलीय, पाऊण तासात रस्ता पाण्याखाली जाईल, गाडी अडकेल तुमची. जा.