भीमअण्णांचा नकार

मंडळी, ऊसतोड चालू असताना तुम्ही कामं टाकून आलात. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. खरं सांगतो, अंगात बोलायचं बळ नाही. पण पुराच्या बोटीवर आम्ही तिघं होतो. भीमअण्णा गेले. दत्तू बोलणार नाही. म्हणून मी उभा आहे.

अण्णा लय सावकाश माणूस. दोरी बांधली की पुन्हा ओढून बघणार. दत्तू म्हणजे पेटती काडी. आणि मधी मी, वल्हं धरून दोघांचं ऐकणारा. गाव म्हणायचं, ह्या दोघांना एका बोटीत बसवलं कुणी?

नदी मळ्यांत घुसली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. हिराक्का तिच्या घराच्या पत्र्यावर अडकली होती. दत्तू म्हणाला, "सरळ घाला बोट. म्हातारी बुडंल." अण्णा म्हणाले, "न्हाई. वरच्या अंगानं फिरून जायचं."

दत्तू चिडला. नको ते बोलला. अण्णांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दत्तू, खाली द्राक्षबाग हाय."

पाण्याखाली बागेचे लोखंडी अँगल होते, तारा होत्या. आमची बोट रबराची. सरळ गेलो असतो तर आज तिघांचेही फोटो भिंतीवर असते.

वरून फिरून पोचलो. हिराक्का म्हणाली, "शेळ्या सोडून येत न्हाई." अण्णा तिच्याशेजारी बसले आणि समजावू लागले. "आवं आक्का, ऐका जरा." खालची भिंत फुगत होती. अण्णांचं समजावणं काही संपेना. मग दत्तू उठला, तिला खांद्यावर घातलं आणि बोटीत ठेवलं. तिनं त्याला बडव बडव बडवलं. आम्ही वळलो आणि मागं घर बसलं.

शेळ्या गेल्या. हिराक्का समोर बसली आहे.

सांगा, तिला वाचवलं कुणी? एकटा दत्तू असता तर बोट फाटली असती. एकटे अण्णा असते तर समजावत समजावत बुडाले असते. बोटीवर असताना दोघांचं एकदाही पटलं नाही, मंडळी. आणि त्यांची भांडणं मिटवून मिटवून मी थकलो होतो. आता भांडण नाही, तरी थकवा जात नाही.

काल पोरं आली. म्हणाली, बोटीवर अण्णांच्या जागी दत्तूच्या पुतण्याला घ्या. तोही तडफदार आहे, काका-पुतण्याचं जमेल. मी दत्तूकडं बघितलं. तो म्हणाला, "नको रं. त्यो माझ्यासारखाच हाय. मला न्हाई म्हणणारा कोणतरी बघा."

अण्णा, एवढं तुमच्या कानावर घालायचं होतं. माझा राम राम घ्या.

मंडळी, आता सगळे उभे राहू आणि थोडा वेळ गप्प राहू. दत्तूला कुणीतरी हात द्या.