थोरल्यांची वायर

बायको – पेचकस खाली ठेवा आधी. फ्यूज उडाला म्हणून कुणी भिंत उघडायला घेतं का?

नवरा – भिंत कसली, प्लायचा तुकडा आहे. थोरल्यांची वायर काढून टाकतो, माझी नवी घालतो, की लागलाच टीव्ही.

बायको – परत थोरले. माणूस गेला त्याला इतकी वर्षं झाली, आता तरी नावं ठेवू नका.

नवरा – नावं कुठे ठेवतोय, मान देतोय. तुझे पहिले यजमान ते, दुसरा मी. म्हणजे ते थोरले, मी धाकटा. या मोटरहोममध्ये, या चाकांवरच्या घरात, मी अजून पाहुणाच आहे. पडदे त्यांच्या आवडीचे, ड्रायव्हरची सीट त्यांच्या पाठीच्या मापाची. जुना टीव्ही बंद पडला ना, खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, त्यांची एक वस्तू तरी गेली.

बायको – कळलं होतं मला. नवा आणायला केवढ्या लगबगीनं गेलात.

नवरा – तुझी लेक येतेय उद्या पोरांना घेऊन. आल्या आल्या मनी त्या कोपऱ्याकडे बघणार. 'बाबांनी किती छान बसवलं होतं ना, आई?' दर वेळी तेच. तिनं एकदा मला विचारावं, काका, हे तुम्ही केलंत? एकदाच. जास्त मागत नाही मी.

बायको – विचारेल. पण हे खोकं कसलं आणलंय?

नवरा – इन्व्हर्टर. दुकानदार म्हणाला, गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, टीव्ही घरातल्या विजेवरचा, मध्ये हा पाहिजेच. जुनी वायर तोडून त्याला जोडली, आतला पंखा घरघरला आणि फट्. थोरल्यांच्या वायरीला सोसलं नाही.

बायको – टीव्हीबरोबर ती काळी वीट आली आहे ना, अ‍ॅडॅप्टर, तिच्यावर काय लिहिलंय बघा.

नवरा – फार बारीक आहे. थांब, चष्मा लावतो. आउटपुट... बारा व्होल्ट.

बायको – म्हणजे टीव्हीला शेवटी बाराच लागतात. तुम्ही बॅटरीतल्या बाराचे दोनशेतीस करणार, ही वीट त्यांचे परत बारा करणार. शेजारच्या दारात जायला अख्ख्या गावाला वळसा. त्या वळशात बॅटरी निम्म्यात बसेल, मग दिवे नाहीत नि पंप बंद, नळाला पाणी नाही. ते खोकं आणि ही वीट, दोन्ही बाजूला ठेवा. टीव्ही सरळ बॅटरीवर लागतो.

नवरा – सरळ?

बायको – मध्ये एक डबी लागते. गाडी चालू असली की बॅटरी चौदाच्या वर चढते, ते टीव्हीला सोसत नाही. आत कितीही येवो, डबी बाहेर बाराच सोडते. आहे ती तिथं, पॅनेलच्या मागे, डाव्या हाताला.

नवरा – तुला भिंतीपलीकडचंही दिसतं. आणि हे कुणी शिकवलं ते सांगू नकोस. ते समजावतायत, तू शेजारी टॉर्च धरून उभी. चित्रच येतं माझ्या डोळ्यांसमोर.

बायको – उघडताय ना? मग उघडा.

(तो पॅनेल उतरवतो आणि टॉर्च आत धरतो.)

नवरा – आहे डबी. आणि काय काम केलंय ग. एक वायर लोंबत नाही, भांग पाडल्यासारख्या ओळीत. असं मला सात जन्मांत जमायचं नाही. म्हणून तर जळतो मी यांच्यावर. बांधल्यात कशानं पण? दोऱ्यानं. निळा, जाड.

बायको – सीट कव्हर शिवायचा दोरा आहे तो. टिकतो.

नवरा – कव्हरं तू शिवायचीस.

बायको – दोरा घरात पडलेलाच असायचा.

नवरा – दोरा पडलेला असेल. पण ही गाठ मला ठाऊक आहे. दोन वेढे, मग आतून घेऊन उलटी ओढलेली. माझ्या कोटाच्या प्रत्येक बटणामागे आहे. एकदा सोडवायला बसलो होतो, नखं तुटली, गाठ हलली नाही.

बायको – टॉर्च खाली घ्या, डोळ्यांवर येतोय.

नवरा – हे तू केलंस.

बायको – केलं.

नवरा – सगळं?

बायको – सगळं. तो विजेला भ्यायचा. लहानपणी झटका बसला होता. घाटात, पावसात गाडी बिनघोर चालवायचा, पण बॅटरीचं झाकण उघडलं की लांब जाऊन उभा राहायचा. टॉर्चसुद्धा धरायचा नाही. मीच दुकानात विचारून विचारून शिकले. मग एकदा त्याचे मित्र आले, त्यातला कुणी म्हणाला, वा, काय काम केलंयस. हा हो म्हणून बसला. मग माझ्याकडे बघितलं त्यानं. मी चहा गाळत होते, गाळत राहिले. मनीनं ते ऐकलं आणि सगळ्या वर्गाला सांगून आली, माझ्या बाबांना काहीही येतं. त्यानंतर काय बोलणार?

नवरा – आणि मी? मी या वायरींवर जळतोय, दिसत होतं ना तुला?

बायको – दिसत होतं. दोनदा ओठांवर आलं होतं. पण तो आता स्वतःची बाजू मांडायला येणार नाही. त्याला तुमच्यापुढे कसा उघडा पाडू?

नवरा – थोरल्यांना पेचकस धरता येत नव्हता, हे ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. आता ऐकलं, तर आणखीच आग होतेय.

बायको – आता का?

नवरा – हाताचं कसब काय, ते माझ्याकडे नाही, तर नाही. पण त्यांच्यासाठी तू एवढी गप्प राहिलीस. ते गेल्यावरही. पोटच्या पोरीपाशीही. असं काही माझ्या वाट्याला कुठून येणार?

बायको – तुम्ही तोडलेलं ते टोक डबीकडून येणाऱ्या वायरीला परत जोडा. लाल ती अधिक. उलटं जोडलंत तर नवा टीव्हीही जाईल. पुढची पिन या टीव्हीला बसते, मी बघितलंय. फ्यूज होता तसलाच घाला, मोठा नको.

नवरा – तू जोड. काम तुझं आहे.

बायको – नाही, तुम्हीच जोडा. उद्या मनीनं विचारलं तर हो म्हणताना तुमची मान खाली जायला नको.

नवरा – आणि आतली वायर कुणाची, म्हणाली तर?

बायको – तिच्या बाबांची.

नवरा – बरं. त्यांचीच राहू दे. गाठींना हात लावत नाही मी. लाल इकडे. काळी इकडे. फ्यूज बसला. दाबू बटण?

बायको – दाबा.

नवरा – लागला ग. चित्र बघ किती स्वच्छ आहे. मी केलं हे. म्हणजे, शेवटचं तेवढं मी केलं.

बायको – केलंत.

नवरा – एक विचारू? त्यांचं एवढं झाकलंस. माझंही काही असेल ना, तू झाकलेलं?

बायको – पुष्कळ आहे. आता आवाज जरा कमी करा.