पाहुण्याची झोप न मोडता

—नाही, नाही, मूळव्याध नाही हो! हेच तर सगळे म्हणत होते, आता तुम्हीही म्हणा, म्हणजे झालं. बसा, बसा, तुमचा पाय प्लास्टरात आहे, जाणार कुठं? माझी बायको आत आहे, ऑपरेशनला. पाचवा महिना चालू आहे तिला. तुम्ही म्हणाल, पाचव्यात कसलं बाळंतपण — बाळंतपण नाहीच, आतड्यात गाठ आहे. कॅन्सरची. बाळ पोटात, गाठही पोटात, शेजारी शेजारी. — हे काखेत होय? तिच्या चपला. खाली ठेवल्या आणि कोणी घालून गेलं, तर ती काय अनवाणी येणार घरी? येणारच ना ती घरी. मग?

रक्त जायचं तिला, मागून. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीला होतंच असं. गावातला डॉक्टर म्हणाला, होतंच असं — मलम दिलं. मलम संपलं, रक्त संपेना, वर ती वाळायला लागली. पोट तेवढं पुढं, बाकी नुसती काठी. इथं आणली, तर ही डॉक्टरीणबाई, माझ्या धाकट्या बहिणीएवढी, म्हणते दुर्बीण घालून बघायचं. कुठून? तर मागून! माझं डोकंच सटकलं. म्हटलं, बाई, पोर पुढं आहे, तुम्ही मागं काय शोधताय? अख्खा दवाखाना ऐकत होता. ती आपली थंड — म्हणते, खालचंच आतडं बघते, पोराला धक्का लागणार नाही, पण बघितल्याशिवाय सोडणार नाही. बघितलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. मग एक दिवस मला बोलावून खुर्चीत बसवलं. — कळलंच मला. चांगली बातमी काय, उभ्या माणसालाही देतात.

मी तयारच होतो. म्हटलं, आता विचारणार, बायको पाहिजे की बाळ? विचारू दे, टेबलच उलटं करतो! तर विचारलंच नाही. म्हणाली, दोघांनाही धरून चालायचं. हेच महिने त्यातल्या त्यात बरे, गाठ आतड्याच्या तुकड्यासकट काढू, बाळ आहे तिथंच राहील. नंतर केमो का काय लागलं, तर तेही याच महिन्यांत देता येतं, बाळंतपणाच्या आधी थांबवायचं. म्हणजे बघा, घरात पाहुणा झोपलाय, आणि मागची भिंत पाडून परत बांधायची, पाहुण्याची झोप न मोडता! टेबल मी धरलेलंच होतं — दोन्ही हातांनी. बाईनं पाणी दिलं.

कालचं सांगू? हसायचं नाही. ऑपरेशनआधी पोट साफ करायची पावडर दिली, पाण्यात कालवून प्यायची. आता मी शेळ्यांचा माणूस. शेळीला नवं औषध पाजायचं तर आधी मी चाटून बघतो, नियमच आहे माझा. गाभण असेल तर दोनदा चाटतो. मग बायकोला तसंच देईन? पण चमच्यानं काही कळेना, लिंबासारखं लागलं, बरं लागलं — दोन पेले लावले. आणि मग जी पळापळ! खोलीला संडास एकच. मी आत, ही बाहेरून दार बडवतेय — अहो, ऑपरेशन माझं आहे, बाहेर या! नर्स धावत आली, तिला वाटलं पेशंट आत कोंडलाय. पेशंट बाहेर भिंतीला टेकून हसतेय, पोट धरून. गाठ कळल्यापासून हसली नव्हती हो. मी आत बसून ऐकत होतो. माझं कधीच झालं होतं, तरी उठलो नाही.

भीती? मला कसली भीती? मी आपला बोलतोय, तुम्हाला करमत नसेल म्हणून — अहो, दार! दार उघडलं. डॉक्टरीणबाईच आहे. — काय, बाई? गाठ निघाली? सगळी? — आणि ही? बोलली? काय बोलली? — चपला सांभाळा म्हणाली? शुद्धीत आहे मग! आणि… ते दुसरं? — आत्ता ठोके ऐकायचं यंत्र लावताय? इथून ऐकू येईल? येईल, येईल, मी दारातच उभा राहतो. — कुठाय? नुसती खरखर. बाई, खरखरच येतेय. जरा डावीकडं… — थांबा. — थांबा, ते बघा, ते — अहो प्लास्टरवाले, गप्प बसा ना जरा! मघापासून तुमचंच चाललंय!